घरचं यंत्र (भाग ७) : वाईट सेकंदाचा हिशोब

मागच्या भागात अभ्यासासाठी जुना लॅपटॉप घ्यावा का, ते पाहिलं. तो भाग वाचून पातूरहून भाच्याचा फोन आला. "मामा, गेमिंगचा पीसी घ्याचा हाये. पन्नासात बसला पाह्यजे. आन् लाइव्ह बी कराचं हाये." मागून भाऊजींचा आवाज ऐकू आला, "खेयाले पन्नास हजार? कायले?"

भाऊजींचं आधी उरकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या गेमवर त्याने बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला त्यापासून वेगळं काढलं. तेव्हा पोरगं जुगार खेळत नाही, एवढं पक्कं. पन्नास हजारांचं सोनं होईल का, हा मामाचा विषय नाही.

आता भाच्याकडे. पीसीच्या आधी मी त्याला गेमचं नाव विचारलं. आपल्याकडची बहुतेक पोरं मोबाइलवरच तयार झाली. २ सप्टेंबर २०२० ला पब्जी बंद झालं, २०२१ मध्ये बीजीएमआय म्हणून परतलं, २०२२ च्या जुलैत पुन्हा गेलं, २०२३ च्या मेमध्ये पुन्हा आलं. बीजीएमआय हा मोबाइलचा गेम आहे. पीसीवर एम्युलेटर (फोनचं सोंग घेणारा प्रोग्रॅम) टाकून खेळायला कंपनीची मान्यता नाही. म्हणजे खेळायचं फोनवर आणि पीसी फक्त लाइव्हसाठी (खेळ यूट्यूबवर थेट दाखवायला), असं असेल तर महागडं ग्राफिक्स कार्ड घेणं म्हणजे बैलगाडीला हेडलाइट लावणं. इंटेलचा कोअर आय-३ १२१०० हा प्रोसेसर पुरतो. मात्र नावाच्या शेवटी 'एफ' नको. 'एफ'वाल्या चिपमध्ये अंगचे ग्राफिक्स नसतात आणि त्यासोबत व्हिडिओ आवळणारा इंटेलचा भागही जातो. दुकानात 'एफ' स्वस्त पडतो म्हणून हाच गळ्यात मारतात.

पण भाच्याला व्हॅलोरंट हा पीसीवरचा नेमबाजीचा गेम खेळायचा आहे. म्हणजे खरा पीसी लागणार.

दुकानदार नेहमी सरासरी सांगतो: "दोनशे एफपीएस देते भौ." सेकंदाला दोनशे चित्रं, ऐकायला छान. पण सामना हरवतो तो सरासरीचा सेकंद नव्हे. पाच जण एकदम समोर येतात, धूर सुटतो, आणि नेमकं तेव्हा चित्र दोनशेवरून साठावर आपटतं. सगळ्यात वाईट एक टक्का क्षणांत यंत्र किती देतं, त्याला जाणकार 'वन पर्सेंट लो' म्हणतात. विकत घ्यायचा तो आकडा. व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेममध्ये हा आकडा ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसरवर जास्त ठरतो.

आणि लाइव्ह सुरू केलं की त्याच प्रोसेसरवर दुसरं ओझं पडतं. ओबीएस हा मोफत प्रोग्रॅम पडद्यावरचं चित्र सतत आवळून यूट्यूबला पाठवतो. हे आवळणं, म्हणजे एन्कोडिंग, प्रोसेसरने करायचं ठरवलं तर गेमचेच गडी दुसऱ्याच्या शेतावर जातात. म्हणून ग्राफिक्स कार्डात एन्कोडिंगसाठी वेगळा तुकडा असतो आणि तो गेमला जवळपास धक्का लावत नाही. बजेटच्या खरेदीत लोक फसतात ते इथे. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड २०२२ च्या जानेवारीत आलं, किंमत बघून तोंडाला पाणी सुटतं, पण एन्कोडरचा तुकडा त्यात मुळात बसवलेलाच नाही. जीटीएक्स १६५० मध्ये तो आहे, पण सुरुवातीच्या कार्डांत आधीच्या पिढीचा. लाइव्ह करणाऱ्याने आरटीएक्स ३०५० पाहावं. ६ जीबीवालं मॉडेल ७० वॅटवर चालतं आणि बहुतेक कंपन्यांच्या कार्डाला वेगळी पॉवरची वायरही लागत नाही. आरएक्स ६६०० खेळायला त्याहून बरंच जोरदार आहे, पण ते १३२ वॅट खातं आणि कमी बिटरेटवर, म्हणजे सेकंदाला कमी डेटा पाठवताना, त्याचं लाइव्ह चित्र जास्त फुटतं. पुण्यात राहणाऱ्याला मी कदाचित ६६०० सांगितलं असतं. पातूरला ३०५०.

कारण मे महिना. अकोल्याचा पारा ४५ ओलांडतो, पातूर तिथून जेमतेम तीस-बत्तीस किलोमीटर. यंत्र खोलीतलीच हवा ओढून थंड होतं; ती हवाच ४० ची असेल तर पंखे कितीही फिरवा. चिप तापली की स्वतःला वाचवायला वेग कमी करते, आणि वाईट सेकंद आणखी वाईट होतो. पातूरच्या लेण्यांत उन्हाळ्यातही गार वाटतं, पण तिथे प्लग पॉइंट नाही. त्यामुळे समोरून काच लावलेला, रंगीत दिवे नाचवणारा कॅबिनेट नको. समोर जाळी हवी. दिव्यांनी गेम जिंकता येत नाही, फक्त खोली झगमगते. आणि एक वऱ्हाडी चूक टाळायची: कूलरच्या झोतासमोर पीसी ठेवायचा नाही. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा गार असते, पण ओली असते. ओलाव्यात धूळ चिकटते, कापसाचे तंतू पंख्यात अडकतात. कूलर आपल्यासाठी, पीसी त्याच्या बाजूला. महिन्यातून एकदा कॅबिनेट उघडून ब्रशने झाडायचा.

दुसरा वाईट सेकंद म्हणजे लाइट जाण्याचा. रँकच्या सामन्यात तुम्ही गायब झालात की गेम तो पळपुटेपणा धरतो आणि पुढच्या सामन्यांवर बंधन घालतो. लाइट गेली होती ही सबब तो ऐकत नाही. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. वर सांगितलेला पीसी मॉनिटरसकट त्यात आरामात बसतो आणि काही मिनिटं हाताशी राहतात. इथे भाचा खूश झाला. मी विचारलं, राउटर कशावर आहे? पीसी चालू आणि इंटरनेट बंद, ही गंमत मी स्वतः भोगली आहे. राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस वेगळा मिळतो.

इंटरनेटचं थोडक्यात. व्हॅलोरंटचे सर्व्हर मुंबईत आहेत. फायबरच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो; मुंबई ६०० किलोमीटर धरली तर जाऊन-येऊन ६ मिलिसेकंद. पिंग, म्हणजे हाच जाण्या-येण्याचा वेळ, त्याहून कितीही जास्त दिसला तरी दोष अंतराचा नाही, मधल्या यंत्रणेचा आहे. आणि त्यातला घरातला भाग, म्हणजे वायफाय, साध्या लॅन केबलने सुटतो. लाइव्हला डाउनलोड नव्हे, अपलोड पाहायचं. ६ मेगाबिटने एक तास लाइव्ह केलं तर २.७ जीबी जातात. मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीत तासभरही भागत नाही, तेव्हा फायबर घ्यावंच लागतं.

मग पन्नासात काय बसतं? खरं सांगायचं तर सगळं बसत नाही. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलली, रॅमचे भाव भडकले आणि जुनी सगळी गणितं कोलमडली. म्हणून मी भाच्याला दोन हंगामांत घ्यायला सांगितलं. आत्ता रायझेन ५ ५६००जी हा प्रोसेसर. त्यात अंगचे ग्राफिक्स आहेत, कमी सेटिंगवर व्हॅलोरंट चालतं. रॅम १६ जीबी, पण एकच पट्टी नको, आठ-आठच्या दोन. अंगचे ग्राफिक्स रॅममधूनच जेवतात आणि एका पट्टीवर उपाशी राहतात. पॉवर सप्लाय नावाजलेल्या कंपनीचा, कारण पुढे कार्ड बसवायचं आहे. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर आत्ताच: ६० हर्ट्‌झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र दाखवतो, १४४ चा दर ६.९ ने. मॉनिटर आणून विंडोजच्या सेटिंगमध्ये ६० वरच ठेवणारे दोन जण माझ्या ओळखीत आहेत. एकाने दीड वर्ष काढलं. कार्ड कापसाच्या दुसऱ्या वेचणीनंतर, तोवर लाइव्ह ७२० पिक्सेलवर. यात तोटाही आहे: साध्या ५६०० मध्ये कॅश (चिपच्या पोटातली वेगवान मेमरी) ३२ एमबी असतो, 'जी'मध्ये १६. पुढे कार्ड लावल्यावर तो फरक जाणवेल. पण वर्षभर रिकामा डबा बघत बसण्यापेक्षा हे बरं.

अकोल्यातल्या एका दुकानदाराने भाच्याला दरम्यान 'आय-७' दाखवला होता, अठरा हजारांत, कंपनीतून निघालेला. आय-७ कोणता, तर ४७७०, म्हणजे २०१३ चा. चार कोर, आठ थ्रेड. आजच्या आय-३ १२१०० मध्येही तेवढेच आहेत आणि ते कितीतरी वेगवान. शिवाय विंडोज ११ आठव्या पिढीच्या आधीचे इंटेल प्रोसेसर मान्य करत नाही, विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि व्हॅलोरंटचा पहारेकरी, व्हॅनगार्ड, विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागतो. 'आय-७'मधला सात नव्हे, त्यापुढचा ४७७० वाचायचा.

रविवारी यादी घेऊन भाचा आणि भाऊजी अकोल्याला गेले. दुकानात अर्धा तास गेम चालवून, पंख्याचा आवाज ऐकून, बिल बनवलं. भाऊजी तोवर गप्प होते. पैसे मोजताना त्यांनी दुकानदाराला एवढंच विचारलं, "याच्यावर सातबारा निघते काय?"

निघतो. पण प्रिंटर आम्ही कुणी हिशोबात धरला नव्हता.