मनोविकार, व्यसनमुक्ती आणि शासकीय विमा

हाड मोडले, ते बसवले, काही आठवड्यांनी जुळून आले, की उपचार बहुधा संपतात. मनोविकार आणि दारूचे व्यसन यांचे तसे नाही. येथे रुग्णालयातील काही आठवडे ही केवळ सुरुवात असते. पुढील उपचार महिनोन्महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे, बाह्यरुग्ण विभागातून चालतात. शासकीय विम्यावर भिस्त ठेवणाऱ्या कुटुंबाने हा भेद प्रथम ध्यानात घ्यावयास हवा.

बंगळूर हे या उपचारांचे जुने केंद्र आहे. 1847 च्या सुमारास तेथे स्थापन झालेल्या वेड्यांच्या इस्पितळाला 1925 मध्ये मनोरुग्णालय हे नाव मिळाले. 1974 मध्ये हे रुग्णालय आणि अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या एकीकरणातून ‘निम्हान्स’ ही राष्ट्रीय संस्था उदयास आली. व्यसनोपचारांसाठी तेथे स्वतंत्र केंद्र आहे.

रुग्णाच्या हक्कांना आधार आहे तो 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचा. हा कायदा 29 मे 2018 पासून अंमलात आला. दारू व मादक द्रव्ये यांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचाही त्याने मनोविकारांत समावेश केला आणि शारीरिक आजारांप्रमाणेच मनोविकारांनाही विमासंरक्षण देण्याचे बंधन विमा कंपन्यांवर घातले. दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला, त्याच्यापाशी शिधापत्रिका असो वा नसो, शासकीय संस्थेत मोफत उपचार मिळण्याचा हक्कही या कायद्याने दिला आहे.

2018 मध्येच सुरू झालेली आयुष्मान भारत योजना कर्नाटकात ‘आरोग्य कर्नाटक’ योजनेशी जोडून राबविली जाते. पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण तीत मिळते. परंतु ते मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांपुरते असते. मनोविकारासाठी अथवा व्यसनातून उद्भवलेल्या तीव्र अवस्थेसाठी दाखल होणे योजनेत बसते. बाह्यरुग्ण उपचार आणि व्यसनमुक्तीचे पुनर्वसन मात्र बसत नाही. परिणामी, गोळ्या मध्येच सुटल्याने रुग्ण पुन्हा दाखल झाला, तर त्या खाटेचा खर्च विमा उचलतो. ज्या गोळ्यांनी ती वेळ टळली असती, त्यांचा उचलत नाही.

पीण्यासारख्या औद्योगिक वसाहतीतील विमेदार कामगाराची स्थिती याहून बरी असते. 1948 च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत बाह्यरुग्ण उपचार आणि औषधे यांचा समावेश आहे. शिवाय छिन्नमनस्कतेसारख्या काही दीर्घकालीन विकारांत, ठरावीक अटींवर, वाढीव आजारपणाचा लाभ म्हणून वेतनाच्या 80 टक्के रक्कम मिळू शकते. बुडणाऱ्या रोजंदारीपायीच अनेकांचे उपचार अर्धवट राहतात, हे लक्षात घेता या तरतुदीचे मोल मोठे आहे.

इतरांसाठी ही उणीव भरून काढण्याचा मार्ग घराजवळच्या शासकीय दवाखान्यातून जातो. बळ्ळारी जिल्ह्यात 1980 नंतरच्या दशकात निम्हान्सने केलेल्या प्रयोगाच्या धर्तीवर 1996 मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. म्हणून रुग्णालयातून निघताना निदान व औषधे नोंदविलेला कागद मागून घ्यावा आणि तो घेऊन जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभाग गाठावा. कोठे जावे हेच उमगत नसेल, तर 2022 मध्ये सुरू झालेल्या ‘टेली मानस’ सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. विमापत्राने रुग्णालयाचे दार उघडते. त्यापुढचा मार्ग नियमित फेऱ्यांचा असतो, आणि त्या फेऱ्यांची तजवीज कुटुंबाने पहिल्याच दिवशी करावयाची असते.