दावणीपर्यंत येणारी साथ

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील जनावरांचे साथीचे रोग दोन प्रकारे दावणीपर्यंत पोचतात. काहींचे जंतू गावच्या मातीत किंवा जनावरांच्या शरीरातच असतात. काही रोग जनावरांच्या ये-जा करण्याने बाहेरून येतात. लसीकरणाचे वेळापत्रक याच फरकावर ठरते.

पहिल्या प्रकारात घटसर्प, फऱ्या आणि काळपुळी मोडतात. घटसर्पाचे जीवाणू धडधाकट जनावराच्या घशातही असू शकतात. पावसाच्या तोंडावर वैरण अपुरी पडून जनावर अशक्त झाले की रोग उफाळतो. जोराचा ताप येतो, घसा सुजतो, श्वास घरघरतो आणि एक-दोन दिवसांत जनावर दगावते. म्हशींत हे प्रमाण अधिक असते. फऱ्याचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि तरण्याताठ्या जनावरांना गाठतात. मांडी किंवा फरा सुजतो व दाबल्यावर चरचर आवाज येतो. या दोन्ही रोगांची लस पावसाळ्यापूर्वीच टोचावी लागते. काळपुळीने मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून न गोठणारे काळपट रक्त येते. असे जनावर फाडू नये. ते खोल खड्ड्यात चुन्यासह पुरावे, कारण हा रोग माणसालाही होतो.

दुसऱ्या प्रकारातील मुख्य रोग लाळ्या खुरकूत. तोंडात व खुरांच्या बेचक्यात फोड येतात, जनावर चारा सोडते, लंगडते. संकरित गाईंना त्याचा फटका जास्त बसतो आणि दूध एकदम आटते. लाळ, श्वास, दूध, वाहने आणि माणसांचे कपडे यांतून विषाणू पसरतो. माण, खटाव, आटपाडी, जत हा खिल्लार जनावरांचा मुलूख आहे. म्हसवड, पुसेगाव, खरसुंडी येथील मार्गशीर्ष-पौषातल्या यात्रांना दूरदूरची जनावरे एकत्र येतात. त्याच सुमारास मराठवाड्यातील ऊसतोड टोळ्या बैलगाड्यांसह कृष्णाकाठी उतरतात. त्यामुळे साथीला सर्वांत अनुकूल काळ दिवाळीनंतर सुरू होतो. लस टोचल्यावर पुरेशी प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून टोचणी दसऱ्याच्या आसपास उरकणे हिताचे. ही प्रतिकारशक्ती काही महिनेच टिकते. म्हणून २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात दर सहा महिन्यांनी लस देण्याची तरतूद आहे.

लम्पी त्वचारोगाने या भागाला जबर धडा दिला. १९२९ मध्ये आजच्या झांबियात आढळलेला हा रोग २०१९ मध्ये ओडिशात आला. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातून साथ सुरू झाली आणि काही आठवड्यांत राज्यभर पसरली. चावऱ्या माश्या, डास आणि गोचिडांमुळे हा रोग फैलावतो. माणसाला होत नाही. सप्टेंबरमध्ये संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले. जनावरांचे बाजार, यात्रा आणि सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२१ मधील परवानगीनंतर पुन्हा सुरू झालेल्या बैलगाडा शर्यती यांवर बंदी आली. शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचण्यात आली. दगावलेल्या दुभत्या गाईसाठी ३०,०००, बैलासाठी २५,००० आणि वासरासाठी १६,००० रुपये मदत ठरली.

साथ समूळ संपवता येते, हे बुळकांडीने दाखवले. गावेच्या गावांच्या दावणी ओस पाडणाऱ्या या रोगाविरुद्ध देशव्यापी मोहीम १९५४ मध्ये सुरू झाली. भारत २००६ मध्ये आणि सारे जग २०११ मध्ये त्यातून मुक्त झाले. एकदा टोचलेल्या लसीने दीर्घकाळ संरक्षण मिळे, ही मोठी सोय होती. लाळ्या खुरकुताच्या लसीत ती नाही, त्यामुळे एकही फेरी चुकवून चालत नाही.

सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तर पुण्याच्या औंध येथे राज्याची लसनिर्मिती संस्था आहे. मात्र पहिली खबरदारी गोठ्यातच घ्यावी लागते. विकत आणलेले जनावर तीन आठवडे वेगळे बांधावे, आजारी जनावराचे पाणी व गव्हाण वेगळी ठेवावी, गाभडलेल्या गाईची वार उघड्या हाताने काढू नये आणि ताप दिसताच पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. यात्रेला किंवा बाजाराला जनावर नेण्याआधी त्याची टोचणी झालेली असावी.