काम आणि कामातले मन

माणूस काम कशासाठी करतो? 'पोटासाठी', असे उत्तर आपण चटकन देतो. परंतु पोट भरत असूनही माणसाला काम नकोसे होते, आणि अर्धपोटी राहूनही तो एखादे काम जीव ओतून करतो. तेव्हा काम कोणत्या अटींवर करावे लागते, हेही पाहिले पाहिजे.

महार वतन हे याचे आपल्या घरातले उदाहरण. वतनाला जमीन होती, बलुते होते, म्हणून अनेकांना ते सोडवत नव्हते. पण कामाला ना वेळ होती, ना मर्यादा. सरकारी टपाल न्यावे, साऱ्याच्या रकमेबरोबर तालुक्याला जावे, चावडीवर हजर राहावे. वतनदार घरी नसला तर घरातल्या दुसऱ्याला धरून नेत. बढती नाही, सुटका नाही. तिथे मन कसे रमणार?

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन सुधारणेचे बिल मांडले. कामे निश्चित व्हावीत, बलुत्याऐवजी रोख मोबदला मिळावा, ज्याला चाकरी नको त्याला मोकळे होता यावे, हा त्याचा आशय होता. ते बिल पुढे मागे घ्यावे लागले. लढा थांबला नाही. फेब्रुवारी १९४१ मध्ये आपल्या जिल्ह्यात, कसबे तडवळे येथे, ते महार-मांग वतनदार परिषदेला आले. जन्माने लादलेल्या धंद्यात माणसाचे मनही लागत नाही आणि बुद्धीही, हे त्यांनी १९३६ सालीच लिहून ठेवले होते.

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे, वेळेवर सुट्टी द्यावी. त्यानंतरच सेवकाने काम चोख करावे, असे येते. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

आज वतन नाही. पण उचल घेऊन ऊसतोडीला जाणारे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरले जातात, आणि उचल फिटेपर्यंत मुकादमाला बांधलेले राहतात. इतरत्र कंत्राटी कामगार वर्षानुवर्षे 'तात्पुरता'च असतो.

आपल्यापैकी कित्येकजण आता अधिकारी आहेत, संस्थाचालक आहेत. आपल्या वसतिगृहातली स्वयंपाकीणबाई, शाळेतला शिपाई, घरची मोलकरीण यांचा पगार ठरलेला आहे काय? तो तारखेला मिळतो काय? आजारपणाची रजा कापली जाते काय? वतन झुगारणाऱ्यांच्या वारसांनी दुसऱ्याला वतनात ठेवू नये. धम्म विहाराबाहेर पाळला जातो की नाही, हे इथेच कळते.