गोधडी शिवू या : भाग ५
टीप फिरवावी की धावदोरा घालावा?

मागच्या भागात थर रचून कच्चा टाका घातला. आता ते थर पक्के बांधायचे. मोबाइलवर वेलबुट्टीच्या टिपांच्या परदेशी गोधड्या पाहून ‘हे आपल्या मशीनवर होईल का?’ असं पुष्कळजणी विचारतात. होईल.

साध्या शिलाईत फूटखालचे दात कापड पुढे सरकवतात, म्हणून टाके सारखे पडतात. वेलबुट्टीच्या टिपांच्या ‘फ्री मोशन’ पद्धतीत हे दात उतरवायचे किंवा पट्टीने झाकायचे आणि कापड हातांनी फिरवायचं. पेन्सिल जागेवर धरून खालची पाटी सरकवावी तसं. हात भरभर आणि मशीन संथ चाललं तर टाके लांब पडतात. मशीन जोरात आणि हात थबकला तर एकावर एक साचतात. शिवणक्लासात रिंग लावून मशीन एम्ब्रॉयडरी केलेल्यांना यातलं अर्धं येतंच. भरतकामाचं स्प्रिंगवालं फूट आणि १६ नंबरची सुई घ्या. खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला, तर आधी फूट खाली केलंय का ते बघा. ते वर राहिलं की वरच्या दोऱ्याचा ताण सुटतो.

अडचण येते ती मोठ्या गोधडीची. घरगुती काळ्या मशीनला सुई आणि खांब यांच्यामध्ये जागा जेमतेम वीतभर. त्यात गोधडीची गुंडाळी फिरत नाही. म्हणून हा हात दुपट्यावर किंवा उशीच्या अभ्र्यावर बसवा.

मोठ्या गोधडीला धावदोराच बरा. आतल्या थरांचं म्हणाल, तर मोताळा, मलकापूर, खामगाव हा आपला कापसाचा पट्टा. तरी घरच्या गोधडीत जुनी लुगडी आणि धोतरंच जातात. सुटा कापूस धुतल्यावर एका कोपऱ्यात गोळा होतो, कापडाचे थर जागचे हलत नाहीत. कापूस भरायचाच असेल तर टिपा दाट घाला. धावदोऱ्याला वेळ नसेल, तर चार-चार बोटांवर जाड सुती दोरा आरपार ओवून दुहेरी गाठ मारा.

राहिला काठ. उत्तर कन्नडमधल्या हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका त्यांची ‘कवंद’ गोधडी शिवताना काठ आधीच आत दुमडतात आणि काठाकडून मध्याकडे टाके घालत जातात. कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी ‘फुला’ बसवतात. शेवटी वेगळी काठपट्टी लावावीच लागत नाही. आपल्याकडे थर आधीच रचून झालेत, तेव्हा त्याहून सोपी युक्ती करा. अस्तर चारी बाजूंनी दोन इंच जास्त ठेवा, दोनदा दुमडून वर घ्या आणि टीप मारा.

टिपांचं पहिलं काम थर धरून ठेवणं; नक्षी त्यानंतरची. रोज पांघरायच्या आणि वरचेवर धुवायच्या गोधडीला धावदोरा किंवा गाठी पुरेत. पुढच्या आठवड्यात विरलेल्या गोधडीला ठिगळ लावू. तोवर घरातलं एक तरी दुपटं पुरं करून ठेवा.