सच्छिद्र चुंबक म्हणजे भोके पाडलेला चुंबक नव्हे

सच्छिद्र चुंबक म्हटले की भोके पाडलेला लोखंडी तुकडा डोळ्यांपुढे येतो. ते स्वाभाविक आहे. पण इथे छिद्रे नंतर पाडलेली नसतात, ती रचनेतच असतात. धातू-सेंद्रिय जाळी (धातूचे अणू आणि त्यांना सांधणारे कार्बनी रेणू यांचा स्फटिक) बांबूच्या परांचीसारखी असते: सांध्यांवर धातू, बांबूंच्या जागी रेणू, आणि मधल्या मोकळ्या चौकटींत वायू किंवा पाणी शिरू शकते. अशा जाळ्यांसाठी किटागावा, रॉबसन आणि याघी यांना २०२५चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

अशा जाळीत चुंबकत्व येते ते बहुधा धातूवरच्या एकट्या इलेक्ट्रॉनांच्या स्पिनमुळे (इलेक्ट्रॉनचा अंगभूत चुंबकी गुण). शेजारच्या सांध्यांचे स्पिन एकमेकांशी जुळले, तरच अख्खा स्फटिक चुंबक होतो. खरी अडचण इथेच आहे. पोकळी मोठी हवी तर दुवा (सांध्यांना जोडणारा रेणू) लांब लागतो. स्पिन जुळायला तो आखूड लागतो. म्हणून सायनाइड हा दोनच अणूंचा दुवा रसायनशास्त्रज्ञांच्या आवडीचा. रंगकामातला जुना प्रशियन निळा याच कुळातला, मात्र तो सुमारे उणे २६७ अंश सेल्सियसखालीच चुंबक होतो. व्हॅनेडियम आणि क्रोमियम असलेला त्याचा भाऊबंद १९९५ साली खोलीच्या तापमानालाही चुंबक राहिला.

फ्रिजवर चिठ्ठी लावायला हे पदार्थ नकोत. त्यांची गंमत वेगळी: काहींच्या पोकळीतले पाणी काढले की चुंबकी वर्तन बदलते, परत दिले की पूर्ववत होते.