पेटी, पखवाज आणि मोबाइलमधला तंबोरा



श्रावण जवळ आला की भजनी मंडळांची लगबग सुरू होते. गेल्या वर्षी याच दिवसांत आमच्या एका गटाच्या बैठकीत वाद झाला. मंडळाच्या पखवाजाची पुडी फाटली होती, पेटीचा भाता हवा सोडत होता. तरुण मुली म्हणाल्या, "ताई, मोबाइलमध्ये तंबोरा, तबला सगळं फुकट मिळतं. गटाचा पैसा कशाला घालायचा?" त्यावर एक आजी म्हणाल्या, "मोबाइल माझ्या मागं मागं वाजंल का गं?"

दोघींचंही खरं होतं.

आपली पट्टी पुरुषांपेक्षा उंच असते. देवळातला पखवाज पुरुषांच्या पट्टीत लावलेला, मग आपला आवाज दबतो. मोबाइलवर बोट फिरवलं की आपली पट्टी मिळते. घरी एकटीनं सराव करायला याच्यासारखी सोय नाही. पण यंत्राचा ठेका ठरलेल्या चालीनं जातो. भजन रंगात आलं, गजर चढला, की लय वाढते. तेव्हा वाजवणारी गाणारीच्या तोंडाकडे बघून हात चालवते. यंत्राला ते दिसत नाही.

आता पखवाज, ढोलकीचं बघा. पुडी कातड्याची. पावसाळ्यात ती ओल धरते, सैल पडते आणि सूर उतरतो. पूर्वी वादीतले लाकडी गठ्ठे ठोकून सूर चढवायचे, त्याला जाणता माणूस लागे. आता नटबोल्टची ढोलकी आली. पान्यानं आपणही ताण वाढवू शकतो. मात्र पुडी फाटली, शाई उडाली, तर कारागीरच लागतो.

पेटी तरी कुठं मुळात आपली? ती युरोपातून आली. आतल्या पितळी पट्ट्या हवेनं थरथरतात आणि सूर निघतो. अ‍ॅकॉर्डियनही असंच वाजतं. 1940 मध्ये आकाशवाणीनं पेटीला बंदी घातली, ती सुमारे तीस वर्षं टिकली. आज पेटीशिवाय भजन नाही. म्हणजे नवं आलं म्हणून बाटत नाही.

पण जुनं जपावंही लागतं. मिरजेचे कारागीर भोपळ्यापासून तंबोरे, सतारी घडवतात. 2024 मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. नाव टिकलं, तरी हात टिकायला गिऱ्हाईक हवं.

शेवटी आमच्या गटानं ठरवलं, सरावाला मोबाइल, भजनाला पखवाज. अंतर्गत कर्जातून पुडी बदलली, भाता दुरुस्त केला. दुरुस्ती करणारे काका म्हणाले, "दोन वर्षांत बायकांचं मंडळ पहिल्यांदाच आलं."

तुमच्या मंडळाची वाद्यं आजच बाहेर काढून बघा. ती ओल्या भिंतीपासून लांब, कापडात गुंडाळून ठेवा. आणि वाजवायला एखादी मुलगी बसवा. आमच्याकडं मोबाइलचा हट्ट धरणारीच आता पखवाज शिकतेय. आजी गातात, ती त्यांच्या मागं मागं वाजवते.