शमीचे बी हरितगृहात कसे पेरतात



गणेशचतुर्थी आणि दसरा जवळ आला की शमीची पत्री कुठे मिळेल, अशी विचारणा सुरू होते. शमी म्हणजेच इथला गाफ, अमिरातीचा राष्ट्रीय वृक्ष. २०१९ च्या सहिष्णुता वर्षाच्या बोधचिन्हातही तोच होता. आपल्या गावाकडे त्याला सौंदड म्हणतात. रस्त्याकडेच्या गाफाची फांदी कृपा करून कोणी मोडू नये. हा वृक्ष इथे संरक्षित आहे. त्यापेक्षा रोपवाटिकेतून रोप आणावे. ते तिथे कसे वाढवतात, हे जाणून घेण्यासारखे आहे.

शमीच्या बियांचे कवच फार टणक असते, पाणी आत शिरत नाही. निसर्गात शेंगा उंट-शेळ्यांच्या पोटातून जातात तेव्हा ते मऊ होते. हरितगृहात बियांवर कढत पाणी ओतून त्या त्याच पाण्यात रात्रभर ठेवतात. फुगलेल्या बिया पेरायच्या, किडीने पोखरलेल्या फेकायच्या. पेरणी ट्रेमध्ये, नारळाच्या भुश्यात परलाइट मिसळून, जेमतेम एक सेंटिमीटर खोल. साधारण आठवडाभरात कोंब दिसतो.

खरी कसोटी त्यानंतर. कोवळ्या रोपाला पाणी जास्त झाले की बुरशी लागते आणि देठ जमिनीलगत कुजून रोप आडवे होते. रोग्याला जास्त औषध पाजण्यासारखेच हे! दुसरी गोष्ट मुळाची. शमीचे सोटमूळ पाण्याच्या शोधात कित्येक मीटर खोल जाते, म्हणून रोप लवकरच उंच, अरुंद पिशवीत हलवतात. उथळ कुंडीत मूळ वेटोळे घेते आणि झाड पुढे कमजोर राहते. बाहेर नेण्यापूर्वी रोपाला थोडे थोडे ऊन दाखवतात आणि पाणी कमी करत नेतात.

हरितगृहात ओल्या जाळीतून पंखे हवा ओढतात. तापमान उतरते, पण हवा दमट होते. घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. तिथे राबणारे बरेचसे आपल्याच देशातले. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उन्हातले काम बंद असते, पण छपराखालीही उष्माघात होतो. रोप घ्यायला जाताना जलसंजीवनीची चार पाकिटे आणि थंड पाणी जरूर न्यावे.

रोप घेताना फसू नका. वेडी बाभूळ शमीसारखीच दिसते. तिचे काटे पानांच्या पेरापाशी असतात. शमीचे काटे दोन पेरांच्या मध्ये विखुरलेले असतात. तिची शेंग जाड, शमीची बारीक.

घरी बी लावायचे तर मार्च किंवा ऑक्टोबर बरा. दमेकऱ्यांनी मात्र खताची कोरडी पिशवी स्वतः फोडू नये. घरच्या कोणाकडून आधी पाणी शिंपडून घ्यावे, नाकावर मास्क असावा आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.